चवीपुरतं

११ ऑगस्ट, सोमवार

ही डायरी माझ्या मुलाच्या, हनुमंताच्या कंपनीने दिलेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर सुरक्षेचं एक वाक्य छापलंय. आजच्या पानावर आहे, 'यंत्राजवळ सैल कपडे घालू नका.' नऊवारी नेसणाऱ्या बाईने काय करावं ते छापलेलं नाही. जानेवारीपासून डायरी कोरी होती, कारण लिहावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं.

दुपारी धनश्री आली. आपल्या भिंगारच्या शाळेतली. शाळा सुटली की दप्तर पाठीला तसंच ठेवून आमच्या दुकानापुढे बाटली तोंडाला लावून उभी राहायची. आता सुप्याकडे पुणे रस्त्याला तिचा बिअरचा कारखाना आहे. मागे टाक्या आणि पुढे मोठा हॉल. तिथे लोक बसतात आणि नळातून ताजी बिअर घेतात. त्याला टॅपरूम म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे नळघर. ती हसली, म्हणाली तसंच म्हणा.

तिची अडचण अशी, की गाडीतून पाच माणसं उतरतात. दोघं बिअर घेतात. एकाला गाडी चालवायची असते, एक बायको असते, एक सासू असते. त्या तिघांना फ्रिजमधली कोल्ड्रिंकची बाटली. मग सासू तोंड फिरवून बसते आणि सगळ्यांना लवकर उठवते. धनश्रीला बिनदारूचं, आपल्या भागातलं काहीतरी नळावर हवंय. यंदा दसरा दोन ऑक्टोबरलाच आलाय. ड्राय डे, म्हणजे बिअरचे नळ दिवसभर बंद, आणि रस्ता मात्र बायकापोरांच्या गाड्यांनी भरलेला. त्या दिवशी नुसत्या या नळावर हॉल चालवून बघायचा. चालला तर नळ कायमचा. नाही तर पुण्याची एक कंपनी तयार सिरप द्यायला बसलेलीच आहे.

"मावशी, तुमचा चिंचेचा सोडा पाहिजे," ती म्हणाली.

मी म्हटलं, विचार करते. विचार कसला, मनाने कधीच पदर खोचला होता.

आमचं 'सूर्यभान सोडा' बंद होऊन अठरा वर्षं झाली. हे गेले आणि मशीनही थांबलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण दुकानाचंच नाव ते, त्यामुळे दिवसातून शंभरदा घ्यावं लागायचं. हे मशीनचा दांडा फिरवायचे, बाटलीत गोटी चढवायचे. पाक माझा. हे म्हणायचे, हात माझा, जीभ तुझी. लष्करातले जवान मला भिंगारची जीभ म्हणायचे.

धनश्रीपुढे चहा ठेवताना ज्योती काहीतरी बोलणार होती, मग गप्प झाली. सून गुणी आहे, पण तोंडाला कुलूप. संध्याकाळची आमटी पुन्हा अळणी. बी.पी.च्या नावाखाली ती मिठाचा डबा लपवते, असा मला दाट संशय आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

नळघर बघून आले. माणूस आत उभा राहील एवढ्या चकचकीत टाक्या. बिअर कशाची करतात ते आज वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळलं. जव भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, भरडतात आणि गरम पाण्यात उकडतात. मोडापर्यंत आपण मटकीला करतो तेच. पुढे आपली उसळ होते आणि त्यांची बिअर.

हे सगळं बघतो तो वैजनाथ. सोनईचा. आधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. पायात रबरी बूट, खिशाला पेन, बोलणं मोजून. त्याने मला टाकीला कान लावू दिला. आत बुडबुड बुडबुड चाललेली. म्हणाला, यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं. हाच गॅस आम्ही सिलिंडर आणून आणून घ्यायचो, आणि इथे तो फुकटात पोटातून निघतोय. मी बराच वेळ कान काढला नाही.

धनश्री म्हणत होती, आज जव शिजतोय, वास पार रस्त्यापर्यंत जातो, नवीन माणसाचं डोकं उठतं. मला तर कसलाच वास आला नाही. स्वच्छता चांगली ठेवलीय पोरांनी.

मग वैजनाथ वही घेऊन बसला. चिंच किती, गूळ किती, जिरं किती, सगळं मी सांगितलं. मीठ?

"चवीपुरतं," मी म्हटलं.

पेन थांबलं. "कुणाच्या चवीपुरतं, मावशी?"

"माझ्या. आणखी कुणाच्या?"

त्याने 'मीठ' लिहिलं आणि पुढे बोटभर जागा कोरी सोडली.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन वेळा करून पाहिलं. वीस लिटरच्या भांड्याला माझं नेहमीचं मीठ दोन मुठी आणि वर चिमूट. तेवढं टाकलं, चाखलं, तर नुसतं पाणचट. आणखी अर्धी मूठ. तरी काही बोलेना. आणखी अर्धी. तेव्हा कुठे थोडी धुगधुगी आली.

दोष जिऱ्याचा आहे. नगरात तीन दुकानांतून जिरं आणलं. तळहातावर चोळलं, नाकाशी नेलं, काही नाही. आतलं तेल काढून घेऊन चोथा विकतात की काय कोण जाणे. उदबत्त्याही तशाच निघाल्या. यंदा पेरूलासुद्धा वास नाही. हनुमंत म्हणतो घरभर घमघमाट सुटलाय. त्याला लहानपणापासून चढवून सांगायची खोड आहे.

नळघरातल्या सगळ्यांना ग्लास दिले. सगळे म्हणाले, छान आहे मावशी. ग्लास मात्र अर्धे राहिले. कामाची माणसं, निवांत प्यायला उसंत कुठली. काउंटरवरची अश्विनी एक घोट घेऊन म्हणाली, मला आज उपास आहे. कसला म्हटलं, तर म्हणाली, बुधवारचा. हल्लीच्या पोरी किती उपास करतात.

वैजनाथने ग्लास उजेडात धरला, प्याला, आणि एवढंच म्हणाला, की मावशी, तुम्ही टाकलेलं मीठ मी मोजू का? मी म्हटलं, चव मोजतात होय रे? सोड.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

घरात गणपती, आणि आज दूध करपलं. मी ओट्याशीच पाट टाकून चिंच कोळत होते. ज्योती शेजारून बनुबाईकडून धावत आली आणि गॅस बंद केला. तिथवर वास गेला म्हणे. नाक आहे की काय आहे. मी म्हटलं, मी बसले होते की इथे. तर तिने पातेलं घासायला घेतलं.

हल्ली स्वयंपाक झाला की ती सिलिंडरचं बटणसुद्धा बंद करते. दोनदोनदा बघते. माझ्या हाताखालून गॅस जास्त जळतो असं तिला वाटत असावं. मनाला लागतं, पण गणपतीत कशाला बोला.

३१ ऑगस्ट, रविवार

काल नळघरात चार कुटुंबांना माझा सोडा छोट्या ग्लासातून दिला. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून तोंडं बघत होते. दुकानातली जुनी सवय. पहिला घोट गेला की माणसाच्या भुवया बघायच्या, त्या खोटं बोलत नाहीत.

हिरव्या लुगड्यातली माझ्याच वयाची एक बाई होती. भुवया पार एकीला एक भिडल्या. पाणी मागितलं. मग परत मागितलं. आता चिंच म्हटली की झोंबणारच. पण बाकीचेही ग्लास तसेच राहिले. आमच्या दुकानात बाटली उलटी करून शेवटचा थेंब जिभेवर पाडून घ्यायचे लोक.

येताना गाडीत धनश्री म्हणाली, "मावशी, तो पुण्याचा माणूस येऊन जाईल पुढच्या आठवड्यात. नुसतं बोलून ठेवते."

"ठेव की," मी म्हटलं. खिडकीतून चांदबीबीच्या महालाकडे बघत बसले, जसा काही तो आजच बांधलाय.

धनश्री चुकत नाही. तिचं दुकान आहे, तिने बघायलाच पाहिजे. पण माझा सोडा भिंगारला चालला आणि सुप्याला का चालू नये? पाणी बदललं म्हणून? की लोकांच्या जिभा बदलल्या? मला खरंच कळत नाहीये.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज वैजनाथला पकडलं. मी चपला विसरले म्हणून मागे गेले, तर हा गडी माझ्या पिंपातला सोडा अर्धा दुसऱ्या पिंपात काढून दोन्हींत गुळाचं पाणी भरत होता.

"अरे, माझ्या मालात पाणी घालतोस?"

"मावशी, ते जरा गॅसला जड पडतं."

"साखर कारखान्यात शिकलास का हे?"

मान खाली घातली. उत्तर दिलं असतं तर भांडता तरी आलं असतं. किती दिवस चाललंय विचारलं, तर म्हणाला, पहिल्यापासून.

उद्या ह्यांचं पित्तर. धनश्रीला आणि त्याला जेवायला सांगून बसले आहे. पितरांचं ताट राग धरून वाढू नये, म्हणून इथेच लिहून मोकळी होते. पुण्याचा माणूस सिरपच्या बाटल्या ठेवून गेलाय, त्याही काउंटरवर मांडल्यात. शोभेच्या बाहुल्यांसारख्या.

१४ सप्टेंबर, रविवार

पहाटे उठून सगळा स्वयंपाक मी केला. ज्योती म्हणत होती मी करते, पण ह्यांचं पित्तर मीच करते दरवर्षी. कढी, अळूची भाजी, गवार, भोपळा, वडे, खीर. ह्यांना आवडायचं म्हणून चिंचेचं पाणीही केलं, सोड्यासारखंच, फक्त गॅस नाही. नैवेद्याचं चाखायचं नसतं, उष्टं होतं. डोळ्यांनी आणि हाताने करायचं आणि झाकून ठेवायचं. कावळ्याने वेळ लावला नाही. ह्यांना भूक लागली असणार.

मग पंगत बसली. धनश्री, वैजनाथ, हनुमंत आणि शेजारची बनुबाई. बनुबाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि तोंडाने फटकळ. सगळे गप्प जेवत होते. मला वाटलं कालच्या भांडणामुळे. पण कढी परत मागितली, अळू परत मागितलं. वैजनाथ चिंचेचं पाणी तीनदा प्याला, आणि तिसऱ्या वेळी रिकामा पेला हातात धरून बघतच बसला.

बनुबाईने ढेकर दिला. "भागे, आज मीठ बराबर पडलं बघ. न्हाई तर वरीस झालं, तुमच्या घरचं खाल्लं की घरी जाऊन तांब्याभर पानी प्यावं लागतंय."

ज्योतीच्या हातातली पळी कढीतच राहिली.

मी म्हटलं, "वरीस झालं?"

"व्हय. खारट म्हंजी लईच. मला वाटलं तुझी सून करती. मी तिला बोलले बी दोनदा. तर म्हनली, चुकलं मावशी, हातून जास्त पडतंय."

मी ज्योतीकडे बघितलं. ती वाटीत खीर वाढत होती, आणि वाटी भरून ताटात सांडली तरी वाढत होती. तिच्या स्वयंपाकाला मीठ कमी म्हणून मी वर्षभर कुरकुरतेय. मग जास्त कुणाच्या हातून पडत होतं?

आजच्या पानावर छापलंय, 'धोका दिसल्यास लगेच मोठ्याने सांगा.'

१५ सप्टेंबर, सोमवार

हिंगाच्या डबीत नाक घातलं. डबी रिकामी असावी तसं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी डायरी पहिल्यापासून वाचली. जिरं, पेरू, उदबत्ती, करपलेलं दूध, अश्विनीचा बुधवार. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं आहे. दुसऱ्या कुणाची असती तर तिसऱ्या पानावरच म्हटलं असतं, बाईचं नाक गेलंय.

ज्योतीला समोर बसवलं. म्हटलं, रडायचं नंतर, आधी माझी परीक्षा घे. मी डोळे मिटले आणि ती चमच्याने एकेक देत गेली. गूळ कळला. लिंबू कळलं. मीठ कळलं, पण पलीकडच्या गल्लीतून कुणी हाक मारावी तसं. आलं नुसतं तिखट लागलं, आलं लागलंच नाही. कांद्याची फोड सफरचंद म्हणून सांगितली. त्यावर मला हसू आलं आणि ज्योतीला आधीच ठरलेलं रडू.

तिला संक्रांतीपासून माहीत आहे. तिळगूळ करताना मी जळका पाक चांगला म्हणाले तेव्हापासून. त्याआधी दिवाळीत मला तो मोठा ताप आला होता, त्यात गेलं असणार. माझ्या हातचं खारट झालं की ती त्यात पाणी, बटाटा, कणकेची गोळी, काय काय घालायची. गॅसचं बटणही त्याचसाठी, गॅस गळला तर मला वास येणार नाही म्हणून.

"का नाही बोललीस?"

"आई, अख्खं गाव तुम्हाला भिंगारची जीभ म्हणतं," ती म्हणाली. "मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

दुपारी नगरला नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो. बॅटरी लावून बघितलं. म्हणाले, येईलही, नाही येणारही, वय झालंय. रोज चार वास हुंगत जा, लवंग, लिंबू असे. म्हणजे नाकाने पुन्हा पहिलीत बसायचं. बसते. तिकडून काय ऐकू येतंय ते बघू तरी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुप्याला जाऊन सांगून टाकलं. धनश्री, मला चव नाही, तू सिरप घे.

धनश्री लगेच नको नको म्हणाली नाही, हे मला आवडलं. खुर्ची ओढून बसली, म्हणाली, "मावशी, चूक माझीही आहे. पहिल्याच घोटाला कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

अश्विनी मागे उभी होती. मी विचारलं, बुधवारचा उपास सुटला का गं? ती ओढणीत तोंड लपवून आत पळाली.

वैजनाथ मात्र तिसऱ्याच गोष्टीच्या मागे होता. त्याने वही उघडली. "मावशी, पित्तराच्या दिवशीचं पाणी बरोबर होतं. मी महिनाभर तुमच्या पिंपात गूळ-पाणी घालून जिथं पोचायला बघत होतो, तीच चव होती ती. त्या दिवशी काय वेगळं केलंत?"

"काही नाही. नैवेद्य होता. चाखलं नाही."

बोलले आणि मीच थांबले.  

हाताने टाकलेलं बरोबरच होतं. दरवेळी. मग मी चाखायची, जीभ म्हणायची कमी आहे, आणि हात बिचारा तिचं ऐकायचा. पन्नास वर्षांची सवय, जिभेने सांगायचं आणि हाताने ऐकायचं.

वैजनाथने डिजिटल काटा आणला. मला म्हणाला, भांड्याकडे बघा, काट्याकडे बघू नका, नैवेद्य समजा. वीस लिटर चिंचेचं पाणी पुढे ठेवलं. मी दोन मुठी आणि चिमूट टाकली, ती भांड्यात नाही, काट्यावरच्या वाटीत. छप्पन ग्रॅम. वाटी रिकामी केली. परत. सत्तावन. परत. पंचावन्न. दहा वेळा केलं. छप्पनच्या आजूबाजूलाच घुटमळलं. वैजनाथ काट्याची बॅटरी तपासून आला.

त्याने महिनाभर कोरी सोडलेली ती बोटभर जागा भरली. मीठ ५६ ग्रॅम.

सगळे खूश झाले. मीही झाले. घरी येताना गाडीत मनात आलं, की जीभ तर गेलीच, आज हातही वहीत उतरवून घेतला. उद्यापासून काटा टाकील मीठ. मग मी तिथे कशाला? वाईट विचार आहे, पण आला, म्हणून लिहिला.

२४ सप्टेंबर, बुधवार

घटाला माळ घालून ज्योतीला बरोबर घेऊन गेले. चाखायला कुणीतरी हवं, आणि माझं खारट तिच्याइतकं कुणीच खाल्लेलं नाही.

पहिली चिंच संपली. नगरच्या बाजारातून नवी आली, काळीभोर, जुनी. वैजनाथने काट्याने छप्पन ग्रॅम टाकलं आणि पेला ज्योतीपुढे धरला. ती एक घोट प्यायली, माझ्याकडे बघितलं, वैजनाथकडे बघितलं, आणि म्हणाली, छान आहे.

मी तिला बाजूला घेतलं. "ज्योती, इथे तू सून नाहीस. इथे तू जीभ आहेस. जिभेला मानपान नसतो."

तिने पुन्हा घोट घेतला. किती वेळ गिळलाच नाही. मग इतक्या हळू बोलली की वैजनाथला वाकावं लागलं.

"अळणी आहे."

वैजनाथ म्हणाला, कसं असेल, छप्पन आहे. मी चिंचेत हात घातला. कोळ बोटांना चिकटत होता, आधीच्या चिंचेच्या दुप्पट दाट. आंबटपणा बोटाला कळतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. म्हणजे हाताला ठाऊक होतं, मला नव्हतं. दुसरं भांडं घेतलं, चाखलं नाही, मीठ घेतलं. काट्यावर त्रेसष्ट निघालं.

वैजनाथ म्हणाला, हात चुकला.

ज्योतीने चाखलं. "नाही," ती म्हणाली. या वेळी त्याला वाकावं लागलं नाही. "आता बरोबर आहे."

वैजनाथने वहीतलं छप्पन खोडलं. बराच वेळ पेन टेकवून बसला, मग लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. 'मीठ: चिंच बघून मावशी. नंतर ज्योतीताई.' आणि त्याच्याखाली कंसात, चवीपुरतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

थकले आहे, पण आज लिहिलं नाही तर डायरीचा अपमान होईल.

सकाळी टाक्यांना झेंडूचे हार. वैजनाथने काट्याला हळदकुंकू लावलं. ह्यांचं गोटी दाबायचं लाकडी ठोकणं मी घरून नेलं होतं, तेही काट्याशेजारी ठेवलं. बिअरच्या नळांवर धुतलेलं फडकं टाकलं होतं, सोवळ्यातल्या देवासारखे दिसत होते. एकच नळ उघडा, माझा.

पाटी कालच रंगवून आली होती. नाव काय देऊ, म्हणून धनश्रीने परवा विचारलं होतं. माझ्या तोंडून दुकानाचंच निघालं. त्यामुळे आज दिवसभर अख्खा हॉल माझ्या नवऱ्याचं नाव घेत होता. अश्विनी काउंटरवरून ओरडायची, "सात नंबरला चार सूर्यभान!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

भांडी सगळी मीच केली. एकदाही चाखलं नाही. प्रत्येक भांड्यातला पहिला पेला ज्योतीपुढे. दोनदा तिने मान हलवली, दोनदा मी सुधारलं. मी कोपऱ्यात बसून भुवया बघत होते. सगळ्या आपापल्या जागी होत्या. एक म्हातारी तर सुनेला म्हणत होती, बस गं जरा, एवढी काय घाई.

दुपारी हनुमंत बनुबाईला स्कूटरवर घेऊन आला. आपट्याची पानं दिली, बसली, एक ग्लास प्यायली, दुसरा मागवला, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली, "भागे, मीठ कमी हाय."

माझा हात लगेच मिठाच्या बरणीकडे गेला. सवय ती.

ज्योती काउंटरमागून बाहेर आली. "नाही, मावशी. मीठ बरोबर आहे. तुम्हाला वर्षभर आमच्या घरच्या खारटाची सवय लागलीय."

बनुबाईचा आ वासला. अठरा वर्षांत ज्योतीने गल्लीत कुणाला उलटून उत्तर दिलेलं नाही. मग ती हसायला लागली, इतकी की सोडा नाकात गेला. मी बरणीचं झाकण लावलं.

निघायच्या वेळी धनश्रीने काउंटरवरच्या सिरपच्या बाटल्या खोक्यात भरल्या. पुण्याला परत पाठवणार आहे. मला म्हणाली, मावशी, उद्या बिअर चालू होईल, पण तुमच्या नळावर फडकं टाकायचं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मी माझा पेला भरून घेतला. दिवसभरातला पहिला. गूळ कळला. चिंच कळली. गॅस नाकात चढून डोळ्यांत पाणी आलं, तेही कळलं.

मीठ आहे का, ते ज्योतीला विचारलं. म्हणाली, आहे.